रंभाबाईचे बिऱ्हाडकरू

पनवेलच्या मासळी बाजारात रंभाबाईच्या ओट्यासमोर उभं राहून घासाघीस करायला छाती लागायची. माशाचा कल्ला उघडून बघायचा असेल तर आधी पिशवी उघडायची, हा तिचा कायदा. कल्ला बघितला आणि मासा घेतला नाही, तर ती गिऱ्हाइकाच्या सात पिढ्यांची चौकशी करी, आणि तीही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. वकील असो, हवालदार असो, नवीन पनवेलच्या सोसायटीतून नाकाला रुमाल लावून आलेली बाई असो, रंभाबाईचं तोंड सगळ्यांना सारखं. तिच्याकडचा मासा मात्र कधी शिळा निघाला नाही, म्हणून लोक बोलणी खाऊनही तिच्याकडेच येत.

अशी ही बाई घरी मासे पाळते, ही बातमी २००६ साली बाजारात पसरली तेव्हा पहिले दोन दिवस कुणी विश्वासच ठेवला नाही. शेजारच्या ओट्यावरच्या कृष्णाबाईने तर सगळ्यांदेखत विचारलं की, बारसं कधी केलंस आणि घुगऱ्या का नाही वाटल्या? कोळणीने मासे पाळायचे म्हणजे खाटकाने बोकडाला मांडीवर घेऊन भरवायचं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रंभाबाईने कोयता चालू ठेवला आणि एवढंच म्हणाली, “माजं घर, माजी काच, माजं पानी. तुज्या डोळ्यात कशाला खुपतंय?”

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते महमूदभाईंच्या दुकानात. महमूदभाई वीस वर्षं बहारीनमध्ये एका मोठ्या हॉटेलातल्या मत्स्यालयाच्या काचा पुसत होते. परत आले आणि बाजाराच्या मागच्या गल्लीत शोभेच्या माशांचं दुकान टाकून बसले. दर शुक्रवारी त्यांना हलवा मासा लागायचा आणि तो रंभाबाई स्वतः दुकानात नेऊन द्यायची. अशाच एका शुक्रवारी तिला गल्ल्यामागे प्लास्टिकच्या टोपात पाच मासे दिसले. बोटाच्या दोन पेरांएवढे, मातकट रंगाचे, अंगावर बारीक पट्टे. निळ्या रंगवलेल्या खड्यांवर ते असे पडले होते की जिवंत आहेत की गेले, ते टोप हलवल्याशिवाय कळेना.

महमूदभाईंनी सांगितलं की, मुंबईच्या व्यापाऱ्याने दुसऱ्या मालाबरोबर हे गळ्यात मारले. आफ्रिकेतल्या कुठल्याशा भल्यामोठ्या तलावातली ही जात. तिथे तळाला गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले असतात, त्यात हे राहतात, त्यातच अंडी घालतात. आले तेव्हा सात होते, दोन गेले. रंग नाही, झुलणारी शेपटी नाही, आणि शंख दिला तर आतच बसणार, मग गिऱ्हाइकाने पैसे देऊन बघायचं काय?

रंभाबाईचा जन्म खाडीकाठचा. शंखात राहणारा खेकडा तिने ढिगाने पाहिला होता, पण शंखात संसार करणारा मासा ऐकलाही नव्हता. तिने विचारलं, मग यांचे शंख कुठे आहेत? महमूदभाईंनी हात झटकले, कारण शंख त्यांनी ठेवलेच नव्हते. तेव्हा तिला खरोखर राग आला. ज्या जिवाला घर लागतं त्याला उघड्यावर पाडायचं आणि वर मरतो म्हणून कुरकुर करायची, हे तिला पटण्यातलं नव्हतं. ती जे बोलली ते सगळं इथे लिहिता येणार नाही. महमूदभाई शांत माणूस. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी त्यांनी तो टोपच तिच्या पाटीत ठेवला. “घेऊन जा रंभाबाई,” ते म्हणाले. “तुमच्या शिव्यांनी जगले तर जगले.”

शंखांसाठी ती विचुंब्याला गेली. तिथल्या भातखाचरांच्या बांधांवर पावसाळ्यानंतर गोगलगायींची रिकामी घरं पडलेली असतात. ओच्यात भरून आणली, उकळली, उन्हात वाळवली, हुंगून पाहिली. महमूदभाईंनी बजावलं होतं की त्या तलावाचं पाणी जड असतं आणि पनवेलच्या नळाचं हलकं. त्यावर रंभाबाईने कालवांची शिंपलं खलबत्त्यात कुटून वाळूखाली पसरली. शिंपल्याच्या चुन्याने पाणी जड होतं हे कोळणीला सांगायला पुस्तक लागत नाही. खायला सुका जवळा, आधी खारटपणा जाईपर्यंत धुतलेला, मग वाळवून पूड केलेला आणि जुन्या लुगड्यातून गाळलेला. पाचांतला एकही मेला नाही. दोन महिन्यांनी एका शंखाच्या तोंडाशी तिला धुळीच्या कणांसारखं काहीतरी हलताना दिसलं. तिने चष्मा आणला आणि पाहिलं तर त्या कणांना डोळे होते.

त्यानंतर मांडणीवरचं पितळ उतरलं. कोळीवाड्यातल्या घरात शिरलं की समोर मांडणी आणि तिच्यावर चिंचेने घासलेली पितळेची भांडी दिसली पाहिजेत. त्यावरून बाईची परीक्षा होते. रंभाबाईने सासूच्या वेळचे हंडे-कळशा पोत्यात बांधून पलंगाखाली सारले आणि मांडणीवर काचेच्या टाक्या चढवल्या. एकेक टाकी फूटभर लांब, काचवाल्याकडून उरल्यासुरल्या तुकड्यांतून जोडून घेतलेली. एवढ्याशा माशाला मोठं तळं लागत नाही, पसाभर वाळू आणि आपलं घर लागतं. २००८पर्यंत अशा नऊ टाक्या झाल्या होत्या.

तिचा नवरा काशिराम उरणकडे बंदराच्या एका गोदामात कामाला होता. अंगाने धिप्पाड, शंभर किलोचं खोकं एकट्याने सरकवणारा, पण थोरल्या भावाचं नाव निघालं की हा गडी अर्धा होई. मांडणीवरचं पितळ गेलेलं पाहून तो एवढंच म्हणाला, “दादा काय म्हनेल?” लग्न झाल्यापासून रंभाबाई हा प्रश्न ऐकत होती. घरात नवीन दार बसवायचं असो की सासुरवाडीला जायचं असो, काशिरामची गाडी याच फाटकाशी येऊन थांबे.

माशांना तिने नाव दिलं बिऱ्हाडकरू. प्रत्येकाने आपापला शंख धरलेला, तोंडाने वाळू उपसून तो जमिनीत पुरलेला, दार तेवढं उघडं. शेजाऱ्याने हद्दीत वाळू टाकली की भांडण, अगदी चाळीतल्यासारखं. आणि टाकी साफ करायला हात घातला की सगळ्यात मोठा नर सरळ बांगड्यांवर धावून येई. समोरचा आपल्यापेक्षा केवढा मोठा आहे हे मोजायचं यंत्रच त्याच्या अंगात नव्हतं. रंभाबाईला हा स्वभाव फार आवडला. आवडणारच, घरचाच होता.

चुकली ती मात्र धंद्याच्या सवयीने. सकाळी होडीचा माल आला की कोळीण पहिलं काम करते ते निवडण्याचं. मोठा मासा एकीकडे, मधला दुसरीकडे, बारीक तिसरीकडे, आणि मग वाटे लावायचे. तीस वर्षं तिचे हात हेच करत आले होते. बिऱ्हाडकरू वाढले, एकेका टाकीत आजीपासून नातवंडांपर्यंत सगळी गर्दी झाली, तेव्हा तिने त्यांचीही निवड केली. मोठे एका टाकीत, मधले दुसऱ्या, पिल्लं तिसऱ्या. महमूदभाईंना सांगितलं तर तेही म्हणाले की झकास केलंत, नाहीतर मोठे पिल्लांना खातात. त्यांच्या दुकानातले बाकी सगळे मासे खातच असत.

महिन्याभरात मोठ्यांच्या टाकीत मारामाऱ्या सुरू झाल्या. नराने दोन माद्या मारल्या, उरलेल्या शंखातून बाहेर येईनात, आणि चार महिने एकाही दाराशी पिल्लू दिसलं नाही. पिल्लांच्या टाकीतली पिल्लं कोपऱ्यात गोळा होऊन बसत, घास समोरून गेला तरी हलत नसत. रंभाबाई कामावरून आली की स्टूल घेऊन टाक्यांसमोर बसे आणि न बोलता बघत राही. तिला न बोलता बसलेली पाहून काशिराम घाबरला, त्याला वाटलं हिला ताप आला.

शेवटी तिने एका टाकीत सगळे शंख पूर्वीसारखे मांडले आणि लहानमोठे सगळे एकत्र सोडले. पंधरा दिवसांत घर पुन्हा नांदू लागलं. मग तिने नीट पाहिलं. आधीच्या विणीची पिल्लं आईच्या दाराजवळची वाळू उपसत होती, हद्दीवर उभी राहत होती, आणि जो नर तिच्या बांगड्यांवर धावून यायचा त्याच्या नाकासमोरून तांदळाच्या कणीएवढं पिल्लू खुशाल जात होतं, तो त्याला तोंड लावत नव्हता. जे घर सगळ्या वयांनी मिळून उभं होतं, ते तिने आकारावरून वेगळं काढून मोडलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटणं तिच्या सवयीचं नव्हतं, त्यामुळे ती बरेच दिवस पुरली.

त्या दिवसापासून तिने एक नियम केला. पुण्याहून, ठाण्याहून हौशी लोक महमूदभाईंकडून पत्ता घेऊन यायला लागले होते. जोडी द्या म्हणाले की ती नाही म्हणे. न्यायचं तर लहानमोठे सहा, आणि त्यांच्या शंखांसकट. एकाने जास्त पैसे देऊ केले तर तिने त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

आणखी एक झालं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. सकाळच्या निवडीत बारक्या माशांचा तिसरा वाटा तिच्या डोळ्याला टोचायला लागला. होडी तिचा थोरला दीर बळीराम याची. रीतीप्रमाणे घरच्या होडीचा माल घरच्याच बाईने विकायचा, आणि बळीरामची बायको आजारी, म्हणून तो सगळा माल रंभाबाईकडे यायचा. २००८ साली मासा कमी झाला म्हणून बळीरामने बारीक आसाचं, म्हणजे बारीक भोकांचं, जाळं आणलं होतं. तेव्हापासून पाटी भरत होती, पण भरत होती ती तिसऱ्या वाट्याने. बोयट माशांची पिल्लं, बटणाएवढ्या चिंबोऱ्या, करंगळीएवढे जिताडे. ते कोण खाणार? कोंबड्यांचं खाद्य करणाऱ्यांचा टेम्पो यायचा, तो पोत्यात भरून न्यायचा. रंभाबाईही ते देत आली होती, डोळ्याला न टोचता.

२०११च्या नारळी पौर्णिमेला बळीरामने सालाबादप्रमाणे खाडीला नारळ वाहिला. बँड होता, गुलाल होता, सगळा कोळीवाडा काठावर होता. नारळ दहा-बारा हात आत गेला, गोल फिरला आणि भरतीबरोबर परत येऊन बळीरामच्याच पायाला लागला. बँड वाजायचा थांबला. खाडीने नारळ नाकारला, याहून वाईट खूण कोळ्याला माहीत नाही.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे होडी रिकामी आल्यातच जमा. तीन फेऱ्यांत विकण्याजोग्या मासळीची एक पाटी भरेना. बळीराम वाईट माणूस नव्हता, हे सांगितलं पाहिजे. बाराव्या वर्षी त्याने दोर हातात घेतला तो साठीतही सोडला नव्हता, आणि ज्या खाडीने त्याच्या बापाला पोसलं ती आपल्या डोळ्यांदेखत का आटतेय हे त्याला कळेना. खाडीच्या तोंडावर भराव पडत होता, कुठून कुठून रंगीत पाणी येत होतं. त्यावर बळीरामचं काही चालत नव्हतं. भावजयीच्या मांडणीवरच्या काचेवर मात्र चालणार होतं.

तर कुणीतरी म्हणालं की, ज्या घरची होडी त्याच घरात मासा कोंडलाय, मग खाडी रुसणार नाही तर काय? बुडत्याला काडीचा आधार. बळीरामने ते उचललं आणि निरोप पाठवला: सर्वपित्री अमावास्येपर्यंत रंभाने ते सगळे मासे खाडीत सोडावेत. नाही सोडले तर होडीचा माल तिला बंद, तो कृष्णाबाई विकेल.

म्हणजे तीस वर्षांचा ओटा एका फटक्यात रिकामा. आणि सोडायचे म्हटले तर खाऱ्या पाण्यात ते पाऊण तासही जगणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. काशिराम दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हळूच सुचवलं की, दादा म्हणतो तर सोडून दे, मासेच तर आहेत. रंभाबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून बाहेर गेला. महमूदभाईंनी जास्त व्यवहारी तोड काढली. टाक्या गुपचूप आमच्या दुकानात आणून ठेवा, कोळीवाड्यात सांगा सोडले, बात खतम. सुटका हातात आली होती, आणि तिने ती परत केली.

“लपवायला मी काय चोरी केलीय?” ती म्हणाली. “आज लपवले तर खाडी माज्यामुळं आटली असं मीच कबूल केल्यासारखं. ते मी मेले तरी कबूल करनार नाय.”

अमावास्येच्या आदल्या दिवशी सकाळी होडी आली. रंभाबाईने माल पाटीत घेतला, पण बाजाराची वाट धरली नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती सरळ बळीरामच्या पडवीत गेली. तिथे बळीराम आणि कोळीवाड्यातली तीन जाणती माणसं उद्याचं ठरवायला बसली होती. रजा टाकून काशिरामही खांबाला टेकून बसला होता, मान खाली घालून. तिने पदर खोचला, फरशीवर पाटी ओतली आणि उकिडवी बसून मासा निवडायला लागली.

पडवीत वास सुटला. माश्या आल्या. शेजारची दारं उघडली आणि बाया बघायला उभ्या राहिल्या. बळीरामने विचारलं, हे काय चाललंय?

“रोज करते त्येच, भाऊजी. रोज तुमच्या पाठीमागं करते, आज समोर.”

पहिला वाटा पडला, सात बोयटं आणि ओंजळभर कोळंबी. दुसरा वाटा जरा बरा. मग ती तिसरा लावायला लागली, आणि तो काही संपेना. ढीग वाढत वाढत बळीरामच्या पायाशी आला. त्यातले जिताडे तिने वेगळे काढले आणि एकाला एक लावून ओळीत मांडले.  तिने ओळ मोजली, सदतीस.

“माज्या लग्नात तुमी अकरा किलोचा जिताडा आनला होता,” ती म्हणाली. “बांबूला बांधून दोगांनी उचलला होता. सगळं पनवेल बगायला आलं होतं. ह्यातले धा जरी वाढले असते, तरी तुमच्या नातवंडांच्या लग्नाला पुरले असते. ह्ये आता कोंबड्या खानार.”

जाणत्यांपैकी एकाने घसा साफ करून सांगितलं की बारीक मासा काय सगळेच धरतात, एकट्या बळीरामला बोल कशाला?

“सगळे धरतात, आनि मी इकला. तीन वर्सं इकला. माजा दोष मी घेते, दुसऱ्याच्या गळ्यात घालत नाय. तुमचा तुमी घ्या. काचेवर ढकलू नका.”

मग नारळाचं निघालं. नारळ परत आला त्याचं काय, असं दुसऱ्याने विचारलं. त्यावर तिने सांगितलं की खाडीच्या तोंडावर भराव पडल्यापासून पाणी फिरून परत येतं, नारळच कशाला, परवा तिची वाहून गेलेली चप्पलही परत आली, आता खाडीने चप्पल नाकारली असं म्हणायचं का? दारातल्या बायांपैकी कुणीतरी हसलं. बळीराम हसला नाही. तो उठून उभा राहिला.

“उद्या अमावाश्या,” तो म्हणाला. “मासं सोडलं नाय तर माल मिळनार नाय.”

रंभाबाई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. थोरल्या दिरासमोर ती आजवर कधी नजर वर करून बोलली नव्हती. बाजारात सगळ्या दुनियेला शिव्या देणारी बाई या पडवीत मात्र पदर सावरूनच यायची. आज तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“खाडीत गेले की मरतील,” ती म्हणाली. “गोड्या पान्यातले हायत. भाऊजी, तुमी उभा जन्म मासा धरला. तुमीच सांगा. ते मेले की तुमच्या जाळ्यात मोटा जिताडा येनार हाय का? येनार असंल तर आत्ता बोला. मी आत्ता घरी जाते आनि माज्या हातानं सोडते.”

सगळे बळीरामकडे बघत होते. त्याने नुसतं हो म्हणायचं होतं, एकच अक्षर, आणि रंभाबाई शब्दाची पक्की होती, तिने सोडले असते. पण त्या माणसाने आयुष्यात कितीही हट्ट केले असतील, माशाबद्दल खोटं तो कधी बोलला नव्हता. त्याने त्या सदतीस जिताड्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे.  तरी हार मानणं त्याच्याही रक्तात नव्हतं.

“माल मिळनार नाय,” तो पुन्हा म्हणाला, पण हळू.

“तुमी काय देनार नाय, मीच घेनार नाय. ह्यो तिसरा वाटा ज्या जाळ्यात येतो त्या जाळ्याचा एक मासा माज्या ओट्यावर चढनार नाय. उद्यापासून करंज्याच्या बंदरावर लिलावात उभी र्‍हाईन. बिऱ्हाडकरू माज्या घरातनं हलनार नाय.”

होडीला जाळं होतं, इंजिन होतं, पण गिऱ्हाईक रंभाबाईला होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. दारात उभी असलेली कृष्णाबाई तर ते सगळ्यांत चांगलं जाणत होती.   रीत मोडायला तोंड पुरतं, पण मोडल्यावर उभं राहायला पाय लागतात, आणि या पडवीतून रंभाबाई एकटीच बाहेर पडणार होती. तीन वाटे तिथेच फरशीवर ठेवून ती रिकामी पाटी घ्यायला वाकली.

पाटी जागेवर नव्हती. ती काशिरामच्या हातात होती. तो खांबापासून कधी उठला ते कुणालाच कळलं नाही. भावाकडे न बघता त्याने पाटी उलटी झटकली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. माशाचं पाणी त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर ओघळलं. कोळीवाड्यात पुरुषाने जाळं खांद्यावर घ्यायचं, वल्हं घ्यायचं, नांगर घ्यायचा. पाटी घेते ती बाई. मासळीची पाटी कुणा पुरुषाने डोक्यावर चढवल्याचं तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्याही आठवणीत नव्हतं. बळीरामने “काश्या” अशी हाक मारली. काशिराम पडवीच्या पायऱ्या उतरला.

कृष्णाबाईला राहवलं नाही. काशिराम, आता लुगडं पण नेस, असं ती मोठ्याने म्हणाली.   रंभाबाईने तिच्याकडे न बघता कमरेला खोचलेली कापडाची चुंबळ काढली आणि नवऱ्याच्या पुढे धरली.

“पाटीखाली घे,” ती म्हणाली. “पाटी टोचते.”

“टोचू दे,” काशिराम म्हणाला. घराकडे जायला मागची जवळची गल्ली होती. ती सोडून तो लांबच्या वाटेला वळला आणि सगळ्या कोळीवाड्याच्या दारांसमोरून चालत गेला.